दोष बोलपटाचा नव्हे, कायद्याचा

आम्ही ज्या सीमाभागात वकिली करतो, तेथील एका देवस्थानाच्या सभागृहात काही दिवसांपूर्वी एका हौशी मंडळाने जुना अमेरिकन बोलपट दाखवला. नाव ‘द गे डिव्होर्सी’, साल १९३४. ‘गे’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ आनंदी, मौजेत असलेला. तेव्हा मराठीत म्हणायचे तर ‘आनंदी घटस्फोटिता’. खेळ संपला, मंडळी हसत हसत घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वस्तांच्या हाती एक निषेधपत्र पडले. देवाच्या दारात विवाहसंस्थेची टवाळी झाली, हॉटेलातील खोलीत परपुरुषासह रात्र काढायला निघालेली विवाहिता कुलीन स्त्रीपुरुषांपुढे विनोदाचा विषय म्हणून मांडली गेली, यापुढे असल्या खेळांना सभागृह देऊ नये, असा त्या पत्राचा आशय होता. पत्रावर सह्या करणाऱ्यांत आमचे दोन वडीलधारे स्नेही आहेत. त्यांच्या हेतूविषयी आम्हाला यत्किंचितही शंका नाही. त्यांच्या निष्कर्षाशी मात्र आमचे भांडण आहे, आणि ते आम्ही येथे उघडपणे मांडणार आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. त्या बोलपटात हास्यास्पद ठरतो तो विवाह नव्हे. खोटे बोलल्यावाचून सुटका न देणारा कायदा तेथे हास्यास्पद ठरतो. इंग्रजांनी तो कायदा हळूहळू का होईना, पण बदलला. आपण मात्र तसलेच खोटे आजही गंभीर चेहऱ्याने न्यायासनापुढे उभे करीत आहोत. ज्याला विवाहाची चाड आहे त्याने रागवायचे असेल तर या खोट्यावर रागवावे.

प्रथम कथानक सांगितले पाहिजे; कारण निषेधपत्रातील वर्णन वाचून ज्यांनी बोलपट पाहिला नाही त्यांची भलतीच समजूत होईल. मिमी ग्लॉसप ही एका भूगर्भशास्त्रज्ञाची पत्नी. संसार केवळ नावापुरता उरलेला. तिला मोकळे व्हायचे आहे, पण तिच्या देशाचा कायदा ‘आमचे पटत नाही’ हे कारण ऐकून घेत नाही. त्याला व्यभिचार हवा. मिमीने तो केलेला नाही. तेव्हा एग्बर्ट नावाचा वकील युक्ती काढतो. वडिलांच्या पेढीवर बसलेला हा गृहस्थ कायद्यात बेताचा आणि विसराळूपणात अव्वल आहे. त्याच्या युक्तीप्रमाणे समुद्रकाठच्या एका हॉटेलात मिमीने खोली घ्यावी, पैसे देऊन ठरवलेला एक पुरुष तेथे यावा, सकाळी गुप्तहेरांनी दार उघडून दोघांना पकडावे, आणि पतीने त्या पुराव्यावर फिर्याद करावी. या भाडोत्री पुरुषाला तिकडच्या कायद्याच्या भाषेत सहप्रतिवादी म्हणत. हा टोनेटी आपला धंदा इमानाने करणारा माणूस आहे. परक्याच्या पत्नीकडे डोळा वर करून पाहणार नाही, अशी त्याची जणू प्रतिज्ञाच आहे.

ओळख पटावी म्हणून एक सुभाषितवजा वाक्य खुणेचे ठरते. टोनेटीला ते कधीच धड पाठ होत नाही. आणि नेमके तेच वाक्य गाय होल्डन नावाचा एक नर्तक सहज बोलून जातो. गाय मिमीवर मनापासून अनुरक्त आहे, आणि तिलाही तो आवडू लागलेला आहे. वाक्य कानी पडताच तिची समजूत होते की, हाच तो भाड्याने आणलेला पुरुष. ती तुटकपणे त्याला रात्री आपल्या खोलीवर यायला सांगते, आणि या सरळ मनाच्या माणसाला तिच्या आमंत्रणाचा आणि तिच्या तिरस्काराचा मेळ बसवता येत नाही. पुढे खरा टोनेटी येतो, घोटाळा उलगडतो. पण आता टोनेटी दोघांनाही खोलीबाहेर पडू देत नाही, कारण खोलीबाहेर दिसल्यास पुरावा बिघडेल. तेव्हा ती दोघे कागदाच्या बाहुल्या कापून फिरत्या ग्रामोफोनवर ठेवतात. भिंतीवर नाचणाऱ्या सावल्या पाहून टोनेटी निर्धास्त होतो, आणि ही दोघे खाली जाऊन खरोखर नाचतात. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांचे ते नृत्य पाहण्यासाठी लोक आजही हा बोलपट शोधून काढतात. त्या प्रसंगातील ‘द कॉन्टिनेंटल’ या गीताला चित्रगीतासाठी दिलेले पहिलेच ऑस्कर मिळाले.

सकाळी वकीलसाहेबांच्या लक्षात येते की, आपण गुप्तहेरांना सांगायचेच विसरलो! शेवटी पती स्वतः येऊन उभा राहतो, आणि पत्नी असे काही करील यावर विश्वासच ठेवीत नाही. मग न्याहारी घेऊन आलेला हॉटेलातील नोकर त्या पतीला ओळखतो. हे गृहस्थ तर पूर्वी निराळ्याच बाईंसह, पतीपत्नी म्हणून, उतरत असत! खरा व्यभिचारी आयताच सापडतो आणि मिमीची सुटका होते.

आता आमच्या स्नेह्यांना आम्ही विचारतो, या कथेत व्यभिचार कोणी केला? मिमीने नाही. गायने नाही. बिचाऱ्या टोनेटीने तर नाहीच. ज्याने केला तो कायद्याच्या दृष्टीने सकाळपर्यंत पीडित पती होता. ओळखीचे घोटाळे या बोलपटात दोन नव्हेत, तीन आहेत. सज्जन प्रियकर भाडोत्री ठरतो, हा पहिला. भाडोत्री माणूस जार ठरायचा असतो, हा दुसरा. आणि खरा अपराधी फिर्यादी म्हणून न्यायालयाची पायरी चढणार असतो, हा तिसरा. पहिले दोन पात्रांच्या गडबडीतून आले. तिसरा कायद्याने स्वतः घडवलेला आहे, आणि सर्वांत गंभीर तोच आहे.

वाचकहो, हे सारे एखाद्या विनोदी लेखकाने कल्पनेने रचले असेल असे समजू नका. १८५७ च्या कायद्याने इंग्लंडात घटस्फोटाचे न्यायालय निघाले, तेव्हा पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा दाखवावा लागे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता, परित्याग किंवा तसेच आणखी काही सिद्ध करावे लागे. १९२३ मध्ये हा भेद गेला आणि केवळ व्यभिचारावर पत्नीलाही घटस्फोट मिळू लागला. पण कारण बहुतांशी एकच राहिले. त्यातच संगनमताची आडकाठी होती. पतीपत्नींनी आपसात ठरवून अर्ज केला आहे असे न्यायाधीशाला दिसले तर अर्ज फेटाळला जाई. म्हणजे एकमेकांना सोडण्यास दोघेही राजी आहेत, ही एकच खरी गोष्ट न्यायालयात उच्चारण्याची चोरी होती. पहिला हुकूमनामा तात्पुरता असे. तो कायम होण्यापूर्वी सहा महिन्यांत ‘किंग्ज प्रॉक्टर’ नावाचा सरकारी अधिकारी संगनमत हुडकून काढून सारे रद्द करवू शके.

परिणाम व्हायचा तोच झाला. सभ्य घरांतील पतीने पत्नीच्या नावाला डाग लागू नये म्हणून ब्रायटनसारख्या ठिकाणी जावे, पैसे देऊन ठरवलेल्या बाईसह हॉटेलात एक रात्र काढावी, रात्रभर दोघांनी पत्ते खेळावेत, आणि सकाळी चहा घेऊन येणाऱ्या मोलकरणीच्या दृष्टीस दोघे एका शय्येवर पडावीत, एवढी व्यवस्था करावी. हॉटेलाचे बिल पत्नीच्या वकिलाकडे पोहोचे आणि मोलकरीण साक्षीला येई. न्यायाधीशाला ठाऊक, वकिलांना ठाऊक, वृत्तपत्रांना ठाऊक. पण शपथ घेऊन सर्वांनी ते खरे मानायचे. या उद्योगाला ‘हॉटेलचा पुरावा’ असे नावच पडले होते.

ज्या १९३४ साली हा बोलपट निघाला, त्याच वर्षी इंग्लंडात दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. एव्हलिन वॉ यांच्या ‘अ हँडफुल ऑफ डस्ट’ मध्ये एक निष्ठावान पती ब्रायटनच्या हॉटेलात हा खोटा पुरावा तयार करायला जातो. ए. पी. हर्बर्ट यांची ‘होली डेडलॉक’ ही कादंबरी तर सबंध या विषयावरच आहे. हर्बर्ट हे वकिलीची सनद घेऊन वकिली न केलेले विनोदी लेखक. पुढच्याच वर्षी ते ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मतदारसंघातून स्वतंत्र सभासद म्हणून पार्लमेंटात गेले आणि त्यांच्या खटपटीने १९३७ चा विवाहविषयक कायदा झाला. क्रूरता, तीन वर्षांचा परित्याग आणि असाध्य वेड ही कारणे त्याने मान्य केली. केवळ विनोदाने कायदा बदलला असे आम्ही म्हणत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. याच सुधारणांची शिफारस लॉर्ड गोरेल यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने बहुमताने १९१२ मध्ये केली होती. तो गंभीर अहवाल पंचवीस वर्षे पडून राहिला. पार्लमेंटाला त्याची लाज वाटेपर्यंत जनता मध्यंतरी हसत होती. ते हसणे व्यर्थ गेले, असे कोण म्हणेल?

या नाटकातून राजघराणेही सुटले नाही. ज्या बाईंसाठी आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये सिंहासन सोडले, त्या श्रीमती सिम्प्सन यांना त्याच वर्षीच्या २७ ऑक्टोबरला इप्सविच येथे घटस्फोटाचा तात्पुरता हुकूमनामा मिळाला होता. पुरावा होता त्यांच्या पतीने टेम्स नदीकाठच्या एका हॉटेलात दुसऱ्या बाईसह काढलेल्या रात्रीचा. साक्षीदार होते हॉटेलातील नोकर. किंग्ज प्रॉक्टरने पुढे चौकशी केली, हस्तक्षेपाला आधार नसल्याचे सांगितले, आणि मे १९३७ मध्ये हुकूमनामा कायम झाला.

अमेरिकेतील प्रेक्षकांनाही ही गंमत परकी नव्हती. ज्या संगीत नाटकावरून हा बोलपट घेतला ते १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले, आणि न्यूयॉर्क राज्यात १९६६ ची सुधारणा होईपर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हेच एक कारण होते. नाटकाचे नाव ‘गे डिव्होर्स’, म्हणजे ‘आनंदी घटस्फोट’. बोलपट निघाला तेव्हा तिकडच्या नीतिरक्षक नियंत्रकांना घटस्फोट आनंदी असू शकतो हे मान्य होईना. घटस्फोटित स्त्री फार तर असू शकेल! म्हणून नावात एक अक्षर वाढवले गेले, असे सांगतात. नाव शुद्ध झाले, कायदा होता तसाच राहिला. आमच्या सभागृहाच्या बाबतीतही नेमके हेच होऊ घातले आहे, म्हणून आम्ही लेखणी उचलली.

कारण मुख्य प्रश्न आपल्या घरचा आहे. आमच्या स्नेह्यांचा युक्तिवाद असा की, हिंदू विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे. तेव्हा पाश्चात्यांच्या हॉटेलातील भानगडींशी आपला संबंध काय? संस्कार आहे हे आम्हाला मान्य आहे. अग्नीच्या साक्षीने झालेल्या संस्काराविषयी शपथेवर असत्य बोलणे हे करारभंगाविषयी असत्य बोलण्याहून अधिक लांच्छनास्पद आहे, एवढेच आम्ही त्यात जोडतो. शास्त्राचा आधार हवा असेल तर तोही दोन्ही बाजूंनी सांगितला पाहिजे. परस्परांविषयी द्वेष असेल तर पतीपत्नींना मोकळे होता येते, एकालाच द्वेष असेल तर नाही, असे कौटिल्य म्हणतो; त्याच वेळी ब्राह्मादी चार धर्म्य विवाहांना मोक्ष नाही असेही तोच म्हणतो. पण ‘द्वेष असेल तर आधी व्यभिचाराचे सोंग करा’ असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. आणि ज्या अनेक ज्ञातींत काडीमोडीची रूढी होती, जिला पांढरपेशांनी नाक मुरडले, तेथे पंचांपुढे एक काडी मोडली की गोष्ट संपत असे. कोणाला कोणाची बदनामी करावी लागत नसे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही ती रूढी रद्द केलेली नाही.

त्या कायद्याकडे आता वळू. बडोदे संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्येच केला होता. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये. १९५५ चा कायदा झाला तेव्हा त्यात परस्परसंमतीने घटस्फोट नव्हता. तो १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३-ब म्हणून आला. तोपर्यंत एकवीस वर्षे आपल्याही न्यायालयांत दोघे राजी असलेल्या जोडप्यांना कोणाचा तरी अपराध रचावाच लागे, आणि कलम २३ मधील संगनमताची मनाई ओलांडण्यासाठी आपण वैरी असल्याचे सोंग करावे लागे. गोव्यातील वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर ३ नोव्हेंबर १९१० रोजी जो घटस्फोटाचा कायदा झाला आणि पुढे गोव्यालाही लागू पडला, त्यात परस्परसंमतीची वाट प्रथमपासून होती. चर्चमधील विवाहांसाठी पुढे निराळे नियम झाले, पण हिंदूंसाठी ती वाट राहिली. आमचे कुलदैवत गोव्यात आणि वकिली घाटावर. कोर्टाच्या सुटीत देवदर्शनाला उतरलो की, आम्ही एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जातो. गोव्यातील आमचे हिंदू बांधव १९१० च्या त्या कायद्यामुळे धर्मभ्रष्ट झाले आणि देवळे ओस पडली, असे आजवर आमच्या दृष्टीस आलेले नाही.

‘मग १९७६ नंतर तक्रार कशाची?’ असे कोणी विचारील. तक्रार अशी की, १३-ब ला दोघांची सही लागते, आणि आपल्या समाजात ती सही पुष्कळदा पतीपत्नींच्या हाती नसते. येथे आम्हाला स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी तेवढे आम्ही लागतो.

वकिलीच्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट. आमचे अशील शिक्षक होते, त्यांची पत्नीही शिक्षिका. तीन वर्षे दोघे एका छपराखाली पाहुण्यांसारखी राहिली. भांडण नाही, मारहाण नाही, आणि मायाही नाही. मग ती माहेरी गेली. संमतीच्या अर्जावर सही करायला तिची तयारी होती. तिच्या वडिलांनी करू दिली नाही. धाकट्या मुलीचे लग्न व्हायचे होते, आणि ‘मुलीने आपल्या हाताने सही करून घर मोडले’ असे लोकांनी म्हणू नये, ही त्यांची चिंता. एका देवळाच्या ओसरीवर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बैठक बसली, आणि त्यांतील एक आदरणीय गृहस्थ आम्हाला म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्ही आपली क्रूरता घाला. आम्ही हजर राहणार नाही. एकतर्फी होऊन जाईल.” सर्वांनी माना डोलावल्या. ब्रायटनला जाण्याचा खर्चही वाचला!

आम्ही क्रूरता घातली. पत्नीने अमुक दिवशी सासूच्या अंगावर गरम चहाची कपबशी फेकली, असे लिहिले. तारीख आम्हीच कॅलेंडर पाहून निवडली, शाळेला सुटी असावी म्हणून रविवारची. सुनावणीच्या दिवशी कोणी येणार नव्हते. पण ती आली. मागच्या बाकावर बसली, काही बोलली नाही. काम आटोपल्यावर बाहेरच्या व्हरांड्यात आमच्यापाशी येऊन तिने अर्जाची प्रत उघडली आणि शांतपणे विचारले, “वकीलसाहेब, ही कपबशी मी फेकली कधी? तुम्ही तारीख लिहिली आहे, म्हणून विचारते. मला आठवत नाही.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ती थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. हुकूमनामा झाला, अपील कोणी केले नाही, धाकटीचे लग्न यथासांग पार पडले. त्या निकालपत्रात ती शिक्षिका कपबशी फेकणारी बाई म्हणून नोंदली गेली आहे, आणि दप्तरातून ते वाक्य आता कोणी काढू शकत नाही. मिमीला गाय भाडोत्री वाटला तो घोटाळा एका रात्रीत मिटला. आम्ही केलेला घोटाळा न्यायालयाच्या मोहोरेनिशी कायम झाला.

ही आमची एकट्याची गोष्ट असती तर आम्ही ती मनातच ठेवली असती. पण कौटुंबिक न्यायालयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक वकिलाला हे ठाऊक आहे. एका पक्षाने सही नाकारली की, दुसऱ्यापुढे चिखलफेकीवाचून वाट राहत नाही. मग पतीला दारुडा, पत्नीला चारित्र्यहीन, सासूला राक्षसीण ठरवणारे परिच्छेद एका अर्जातून दुसऱ्या अर्जात, नावे बदलून, प्रवास करतात. विवाह उरलेला नाही एवढे एक सत्य पुरेसे ठरावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ मध्ये केली आणि २००९ मध्ये पुन्हा केली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये नवीन कोहली खटल्यात हेच सुचवले. त्यासाठीचे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले, आणि तेथेच राहिले. त्याचा कायदा झाला नाही. २०१७ मध्ये संमतीच्या अर्जानंतरची सहा महिन्यांची थांबणूक योग्य प्रकरणी माफ करता येईल असे ठरले, आणि २०२३ मध्ये घटनापीठाने सांगितले की, मोडून गेलेला विवाह सर्वोच्च न्यायालय कलम १४२ खालील आपल्या विशेष अधिकारात विसर्जित करू शकते. उत्तम झाले. पण तो अधिकार जिल्ह्याच्या न्यायाधीशाला नाही. म्हणजे खरे बोलून सुटका हवी असेल तर दिल्ली गाठावी. तालुक्याला परवडते ते खोटेच!

या बाबतीत इंग्लंडनेही फार घाई केली असे नाही. १९६९ च्या कायद्याने त्यांनी ‘विवाह सावरण्यापलीकडे मोडला आहे’ हे तत्त्व मान्य केले, पण ते बहुधा दोषांच्याच पुराव्याने सिद्ध करायला लावले. २०१८ मध्ये ओवेन्स खटल्यात एका वयस्कर पत्नीला पतीचे दोष पुरेसे दाखवता आले नाहीत, म्हणून तिला विवाहातच ठेवण्याची पाळी तेथील सर्वोच्च न्यायालयावर आली. तेव्हा कोठे २०२० चा कायदा झाला, आणि ६ एप्रिल २०२२ पासून तेथे कोणावरही आरोप न करता घटस्फोट मिळतो. मिमीला आज टोनेटीची गरज पडली नसती.

आमच्याविरुद्ध एक आक्षेप राहतो, आणि तो आम्ही सर्वांत मोलाचा मानतो. दोषाची अट काढली तर पुरुष बायको टाकून मोकळा होईल आणि ती रस्त्यावर येईल. भय खरे आहे. परंतु दोषाच्या अटीने आजवर तिचे रक्षण झाले आहे काय? खोट्या आरोपांची झळ तिलाच अधिक बसते, कारण आपल्या समाजात पुरुषाची बदनामी वर्षभरात विरते आणि स्त्रीची तिच्या बहिणीच्या लग्नापर्यंत पुरते. तिचे खरे रक्षण पोटगीने आणि मालमत्तेतील वाट्याने होते. गोव्यात विवाहाबरोबर, निराळा करार नसेल तर, पतीपत्नींच्या मालमत्तेची भागी होते आणि अर्धा हिस्सा प्रत्येकाचा असतो; तो मिळवण्यासाठी कोणी कोणाला दुराचारी ठरवावे लागत नाही. राज्यसभेने मंजूर केलेल्या विधेयकातही मालमत्तेचा विचार होता. जो खरोखर स्त्रियांची काळजी वाहतो, त्याने तो वाटा मागावा. दोषाच्या अटीला धरून बसण्याने ती काळजी मिटणार नाही.

आणि ज्यांना असे वाटते की, सोडवणूक कठीण ठेवल्याने संसार टिकतात, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, संसार टिकवायचा असेल तर तो मोडण्यापूर्वी टिकवावा. समेटाचा प्रयत्न व्हावा, वडीलधाऱ्यांनी मध्ये पडावे, हे आम्हालाही हवे आहे. पण मोडलेल्या संसारावर खोट्या आरोपांचे लिंपण करून कोणता संसार उभा राहिला आहे? सप्तपदीच्या वेळी दोघांनी जे वचन दिले त्यात एकमेकांची अप्रतिष्ठा करण्याला जागा नाही, आणि वियोगाच्या वेळीही ती नसावी.

म्हणून आमचे मागणे तीन ठिकाणी आहे. विधिमंडळाकडे मागणे असे की, १९७८ पासून टेबलावर असलेली शिफारस स्त्रीच्या आर्थिक संरक्षणासह अमलात आणावी. आमच्या व्यवसायबंधूंकडे मागणे असे की, अशिलाने न सांगितलेली क्रूरता आपल्या लेखणीने निर्माण करू नये. आम्ही ती केली आहे. त्या दिवसापासून पुन्हा केलेली नाही, आणि त्यापायी काही अशील गमावले आहेत. तिसरे मागणे देवस्थानांच्या वडीलधाऱ्यांकडे आहे. देवापुढे गाऱ्हाणे घालताना खोटे बोलायला आपल्यापैकी कोणाची जीभ धजत नाही. मग त्याच देवळाच्या ओसरीवर बसून, दुसऱ्याच्या मुलीने न फेकलेल्या कपबशीची तारीख ठरवायला ती कशी धजते?

निषेधपत्र विश्वस्तांपुढे अद्याप विचाराधीन आहे. आमचे मत विचारले तर आम्ही असे म्हणू की, तो बोलपट पुन्हा दाखवावा, आणि आमच्या दोन स्नेह्यांनी आमच्या शेजारी बसून तो शेवटपर्यंत पाहावा. त्यानंतरही देवाच्या दारातून काही हद्दपार करावेसे वाटले, तर सभागृहाला कुलूप लावण्याआधी ओसरीवरच्या त्या बैठका बंद कराव्यात.